नागरी सहकारी बँकेत खाते का असावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात ‘आपल्या गावची बँक’ असे लोक म्हणतात तेव्हा ते बहुधा नागरी सहकारी बँकेबद्दल बोलत असतात. देशातील सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश या एकाच राज्यात आहेत. या बँकांविषयी जिव्हाळा आणि धास्ती दोन्ही एकाच घरात आढळतात, आणि दोन्हींना आधार आहे. म्हणून खालील उत्तरांत फायदे सांगताना ते कोणत्या अटींवर टिकतात हेही सांगितले आहे.

नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था यांत फरक काय?

हा प्रश्न सर्वांत आधी घेण्याचे कारण असे की, येथे गोंधळ झाला तर पुढची सारी उत्तरे निरुपयोगी ठरतात. नागरी सहकारी बँकेची नोंदणी सहकार कायद्याखाली झालेली असते आणि तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना असतो. पतसंस्थेकडे असा परवाना नसतो. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते, तिच्यावर सहकार खात्याचे नियंत्रण असते आणि तिच्यातील ठेवींना केंद्रीय ठेव विमा महामंडळाचे संरक्षण मिळत नाही. दोन्हींची कार्यालये एकाच रस्त्यावर असतात, दोन्हींकडे पासबुक मिळते, दोन्हींचे प्रतिनिधी पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करायला दुकानात येतात. त्यामुळे अनेकांना हा फरक संस्था अडचणीत आल्यावरच कळतो. पतसंस्था वाईट असतात असे मुळीच नाही, अनेक पतसंस्था उत्तम चालल्या आहेत; मात्र ठेव ठेवण्यापूर्वी पाटीवर ‘बँक’ हा शब्द आणि शाखेत ठेव विम्याच्या नोंदणीचा फलक आहे की नाही, हे पाहावेच.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक हा तिसरा प्रकार. तिच्याकडेही परवाना व विमा असतो, पण तिची रचना मुख्यतः शेतीकर्जासाठी आणि विविध कार्यकारी सोसायट्यांभोवती (शेतकऱ्यांच्या गावपातळीवरील कर्जसंस्थांभोवती) उभी आहे.

या बँका सुरू कशा झाल्या?

१८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन झाली. त्या वेळी देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ मध्ये आला. पाठोपाठ १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल, तर १९१८ मध्ये मुंबईत सारस्वत या संस्था उभ्या राहिल्या. कारकून, छोटे व्यापारी, कारागीर यांना त्या काळात कर्ज मिळण्याची जागा सावकाराची पेढी हीच होती, आणि मोठ्या बँकांच्या दारात त्यांना प्रवेश नव्हता. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी थोडे थोडे भांडवल जमवून एकमेकांना कर्ज द्यावे, ही कल्पना त्या गरजेतून पुढे आली.

१ मार्च १९६६ पासून या बँकांना बँकिंग नियमन कायद्याच्या तरतुदी लागू झाल्या. तेव्हापासून निवडणूक, सभा, सभासदत्व यांसारख्या बाबी सहकार निबंधकांकडे आणि बँकिंगच्या बाबी रिझर्व्ह बँकेकडे, असे दुहेरी नियंत्रण चालत आले. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार बरेच वाढवले, आणि ठेवीदाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

मोठ्या बँकेत न मिळणारे असे इथे काय मिळते?

बरेच जण या प्रश्नाचे उत्तर ‘आपुलकीची सेवा’ असे देतात. शाखेत कोणी नावाने हाक मारली की बरे वाटते हे खरे; परंतु तेवढ्यासाठी बँक निवडू नये. खरा फायदा असा की, कर्जाचा निर्णय तुमच्या व्यवसायाच्या जवळ बसलेली माणसे घेतात.

मोठ्या बँकेच्या शाखेत दिलेला अर्ज बहुतेक वेळा दुसऱ्या शहरातील प्रक्रिया केंद्राकडे जातो. तिथे आयकर विवरणपत्रे, पगारपत्रक आणि पतगुणांक (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) वाचला जातो. ज्याचे उत्पन्न दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात जमा होते त्याच्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. पण रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराचे पाहा. मोहोर आल्यापासून फवारणीचा खर्च सुरू होतो, आणि पैसा हातात येतो तो फळ बाजारात गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला सूत आज घ्यावे लागते, कापडाचे बिल मात्र पुढे केव्हातरी वसूल होते. अशा माणसाला दरमहा समान हप्त्याचे कर्ज दिले तर तो प्रामाणिक असूनही थकबाकीदार होतो. त्या गावातला शाखाधिकारी हे जाणतो, कारण त्याच बाजारपेठेतील अनेक खाती तो रोज पाहत असतो. म्हणून हप्ता हंगामाला जोडणे, कॅश क्रेडिटची (लागेल तसे उचलून परत भरण्याच्या कर्जाची) मर्यादा माल उचलण्याच्या वेळेनुसार ठरवणे या गोष्टी त्याला सुचतात आणि त्याची कर्ज समिती त्या लवकर मंजूर करू शकते.

पिठाची गिरणी, भाजीचा गाळा, सलून, रिक्षा अशा व्यवसायांत कागदपत्रे कमी आणि रोख व्यवहार जास्त असतात. पिग्मी खात्यात रोज पडणारे शंभर-दोनशे रुपये हा अशा माणसाच्या उत्पन्नाचा उत्तम पुरावा असतो. जी बँक ती पिग्मी स्वतः गोळा करते तिला तो पुरावा आयता मिळतो.

याचा अर्थ इथे पतगुणांक पाहिला जात नाही असा मात्र नाही. नागरी सहकारी बँकाही कर्जाची माहिती पतमाहिती कंपन्यांना कळवतात, आणि इथला थकलेला हप्ता उद्या सर्वत्र दिसतो.

या जवळिकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ओळखीतून कर्जदाराची खरी माहिती मिळते, तसा ओळखीचा दबावही येतो. म्हणूनच २००३ पासून संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास, स्वतःच्या ठेवीवरील कर्जासारखे मोजके अपवाद वगळता, रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे.

ठेवीवर व्याज जास्त मिळते का?

पुष्कळदा थोडे जास्त मिळते आणि ज्येष्ठ नागरिकांना त्यावर आणखी थोडी वाढ असते. मात्र आसपासच्या सर्व बँकांपेक्षा एखादी बँक लक्षणीय जास्त व्याज देत असेल तर आनंद मानण्याआधी कारण विचारावे. ज्या बँकेला ठेवींची निकड आहे ती दर वाढवते, आणि ती निकड का निर्माण झाली हे ताळेबंदात शोधावे लागते.

आमची ठेव आमच्याच परिसरात वापरली जाते, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते बँकेच्या मर्जीवर सोडलेले नाही. शेती, लघुउद्योग, छोटी घरे, शिक्षण, दुर्बल घटक अशा अग्रक्रम क्षेत्रांना व्यापारी बँकांनी ४० टक्के कर्जे द्यावीत असा नियम आहे. नागरी सहकारी बँकांसाठी हे प्रमाण एप्रिल २०२५ पासून ६० टक्के आहे. शिवाय एकूण कर्जांपैकी किमान निम्मी कर्जे लहान रकमेची असावीत, असेही बंधन आहे. लहान बँकेचे कार्यक्षेत्र एक-दोन जिल्ह्यांपुरतेच असल्यामुळे तिचे कर्जदार आपोआप त्याच भागातले असतात.

यात एक धोका दडलेला आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. संपूर्ण तालुका एकाच पिकावर किंवा एकाच उद्योगावर जगत असेल, तर त्याला मंदी आली की बँकेचे बहुतेक कर्जदार एकाच वेळी अडचणीत येतात. चांगली स्थानिक बँक आपली कर्जे शेती, व्यापार, घर, सोनेतारण अशी वेगवेगळ्या ठिकाणी वाटून ठेवते.

सभासद होणे आणि फक्त खाते उघडणे यांत काय फरक आहे?

खाते उघडणारा ग्राहक असतो, भाग (शेअर) विकत घेणारा सभासद हा बँकेचा मालक असतो. त्याचे भाग कितीही असोत, त्याला एकच मत मिळते. भागांच्या संख्येवर मत ठरत नाही, हे कंपनी आणि सहकारी संस्था यांतले मूलभूत अंतर आहे. सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालावर बोलू शकतो, संचालक निवडतो आणि लाभांशाला पात्र असतो; राज्याच्या कायद्यानुसार तो लाभांश जास्तीत जास्त १५ टक्के देता येतो. नाममात्र सभासदाला (भाग न घेता किरकोळ शुल्कावर सभासद झालेल्याला) मतदानाचा हक्क नसतो.

कर्ज घेताना बहुधा सभासद व्हावेच लागते, कारण कर्जाशी भाग जोडलेले असतात. तारणी कर्जासाठी रकमेच्या अडीच टक्के आणि विनातारण कर्जासाठी पाच टक्के हे रूढ प्रमाण आहे. कर्जाचा खरा खर्च काढताना ही रक्कम विसरू नये. भाग परत केले तर दर्शनी किमतीच्या वर काही मिळत नाही, ते शेअर बाजारात विकता येत नाहीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांना ठेव विमा लागू नाही. बँक बुडाली तर भागभांडवल हे सर्वांत शेवटी परत मिळते, म्हणजे व्यवहारात बहुधा कधीच मिळत नाही.

जामीनदार होणाऱ्यांसाठी येथेच एक सूचना. स्थानिक बँकेत शेजारी, सहकारी, भाऊबंद एकमेकांना जामीन राहतात आणि तो सोपस्कार समजला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र मूळ कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदारावर असते. सही करण्यापूर्वी ती रक्कम आपणच घेतली आहे असे समजून विचार करावा.

महिला बँकांचा वेगळा उपयोग झाला का?

निश्चित झाला. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक याचे ठळक उदाहरण आहे. माण हा कायम दुष्काळी तालुका. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतून थोडी बचत करायची होती आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडायला तयार नव्हती, या अनुभवातून चेतना सिन्हा आणि परिसरातील स्त्रियांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरवले. प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर त्या स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. बाजारच्या दिवशी शाखेत यायला वेळ नसलेल्या बाईकडे बँकेचा प्रतिनिधी जातो आणि तिची बचत जागेवर जमा करून घेतो.

ज्यांच्यासाठी बँक काढायची त्यांचा दिवस कसा जातो हे माहीत असलेल्यांनी ती काढली, म्हणून हे जमले. दूरच्या मुख्यालयात बसून आखलेल्या योजनेत ही बारीक समज येणे अवघड आहे, असे माझे ठाम मत आहे.

माझे पैसे सुरक्षित आहेत का?

परवानाधारक नागरी सहकारी बँकेतील ठेवींना राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेइतकेच विमा संरक्षण आहे. ठेव विमा व पतहमी महामंडळ प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्याआधी ती १ लाख होती. विम्याचा हप्ता बँक भरते, ग्राहकाकडून तो घेतला जात नाही.

मोजणी कशी होते हे नीट समजून घ्यावे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तुमच्या एकट्याच्या नावाने बचत, आवर्ती आणि मुदत ठेवी असतील, तर त्या सगळ्यांची बेरीज करून ५ लाखांची मर्यादा लागू होते. पती-पत्नींचे संयुक्त खाते किंवा भागीदारी संस्थेचे खाते वेगळ्या हक्काने धरलेले असल्याने त्याची मोजणी स्वतंत्र होते. दोन वेगवेगळ्या बँकांतील ठेवींना वेगवेगळे संरक्षण मिळते. बँकेचे कर्ज तुमच्याकडे असेल तर ते ठेवीतून वजा होऊ शकते.

पूर्वी मोठी अडचण रकमेपेक्षा वेळेची होती. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध (पैसे काढण्यावर बंधने) आले आणि तिचा परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये; दरम्यानच्या काळात आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या वृद्धांनी जे सोसले ते कोणत्याही नियमाने भरून येणारे नाही. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेतील ठेवीदाराला विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद झाली आहे.

मग सहकारी बँका बुडतात कशामुळे?

लहान कर्जदारांमुळे क्वचितच. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. तपासात उघड झाले की बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेली होती आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

या घटनेवरून सहकारी बँकिंगच चुकीचे असा निष्कर्ष काढला जातो. मला तो पटत नाही. ज्या कामासाठी सहकारी बँक असते ते काम, म्हणजे अनेकांना थोडे थोडे कर्ज, सोडून ती एका बड्या कर्जदाराची तिजोरी झाली, आणि हे सभासदांना, लेखापरीक्षकांना व नियामकाला वर्षानुवर्षे दिसले नाही. त्यानंतर मार्च २०२० मध्ये एका कर्जदारासाठी बँकेच्या प्रथम स्तरीय भांडवलाच्या (मुख्यतः भागभांडवल व राखीव निधी) १५ टक्के आणि एका समूहासाठी २५ टक्के अशी मर्यादा घालण्यात आली.

बँकेची प्रकृती सामान्य माणसाने कशी ओळखावी?

वार्षिक अहवालातून. तो मागण्याचा सभासदाला हक्क आहे आणि बहुतेक बँका तो छापून वाटतात, परंतु अनेक घरांत तो न उघडताच रद्दीत जातो. त्यातील पुढील गोष्टी अर्ध्या तासात पाहता येतात.

निव्वळ एनपीए (थकीत कर्जांपैकी, त्यांच्यासाठी केलेली तरतूद वजा जाता उरणारा भाग) किती टक्के आहे आणि मागील तीन वर्षांत तो वाढत गेला की उतरत गेला, हे प्रथम पाहावे. तो ३ टक्क्यांच्या वर असेल तर चौकशी करावी. भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती, हे पाहावे. एका जिल्ह्यापुरत्या लहान बँकेसाठी ती किमान ९ टक्के आणि मोठ्या बँकांसाठी १२ टक्के असायला हवी. चांगल्या बँका बऱ्याच वर असतात. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता मिळाला आणि लेखापरीक्षकाने शेरे काय दिले, हे बारीक अक्षरात असले तरी वाचावे. अहवाल उशिरा निघणे, लेखापरीक्षण लांबणे, लाभांश एकाएकी थांबणे, रिझर्व्ह बँकेने दंड केल्याचे वृत्त येणे ही प्रत्येक गोष्ट विचारण्याजोगी आहे. दंड झाला म्हणजे बँक बुडणार असे नव्हे, कारण किरकोळ नियमभंगासाठी मोठ्या बँकांनाही दंड होतो. कारण काय होते ते महत्त्वाचे.

संचालक मंडळावर वर्षानुवर्षे तीच माणसे आहेत का, हाही रास्त प्रश्न आहे. पूर्णवेळ संचालक व अध्यक्ष वगळता एका संचालकाला सलग जास्तीत जास्त १० वर्षे राहता येते. २०२५ पर्यंत ही मर्यादा ८ वर्षे होती.

यूपीआय, मोबाइल बँकिंग, एटीएम या सोयी मिळतात का?

मोठ्या नागरी बँकांत सगळ्या मिळतात, मध्यम बँकांत बहुतेक मिळतात. अगदी लहान बँकांत अजूनही उणीव जाणवते, आणि खाते उघडण्यापूर्वी त्याची चौकशी करावी. तांत्रिक सुरक्षेचा खर्च लहान बँकेला एकटीने पेलणे कठीण असते. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा मोठ्या बँकेलाही तो धोका किती आहे हे दिसले. अशा खर्चासाठी आणि तांत्रिक साहाय्यासाठी २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांची राष्ट्रीय शिखर संस्था कार्यान्वित झाली आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे ध्यानात घ्यावे की अनिवासी खाती उघडण्याची परवानगी मोजक्याच सहकारी बँकांना आहे.

तक्रार कुठे करावी?

आधी शाखेत, लेखी स्वरूपात, आणि पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ५० कोटी किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँका या योजनेत येतात. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. निवडणूक, सभासदत्व किंवा सभेचे इतिवृत्त यांविषयीची तक्रार मात्र सहकार खात्याकडे जाते.

सगळे पैसे स्थानिक बँकेतच ठेवावेत का?

नाही. रोजचा व्यवहार, व्यवसायाचे कर्ज आणि विमा मर्यादेच्या आत बसणाऱ्या ठेवी स्थानिक बँकेत ठेवाव्यात, त्याहून मोठी पुंजी दुसऱ्या बँकांत विभागावी. ५ लाखांची मर्यादा व्याजासह असल्यामुळे मुद्दल साडेचार लाखांच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. प्रत्येक खात्याला नॉमिनीची नोंद (नामनिर्देशन) करावी. नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. आणि सभासद असाल तर सप्टेंबरअखेरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सभेला अहवाल वाचून जावे, सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के रक्कम आहे हे उभे राहून विचारावे, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवले गेले की नाही ते पुढच्या सभेत तपासावे.